समाधानी ग्राहक

हे मी घरीसुद्धा कधी बोललो नाही: माझ्या वेबसाइटवरचा ‘समाधानी ग्राहक’ माझा ग्राहकच नाही.

नंदुरबारात माझं मिरचीचं दुकान आहे. वेबसाइट मी स्वतःच शिकून बनवली. तयार साच्यात ‘ग्राहकांचं मत’ अशी चौकट होती आणि रिकामी ती फार वाईट दिसत होती. दुकानात रोज सकाळी एक म्हातारा यायचा. पोत्यातली एक मिरची उचलायचा, देठाशी मोडायचा, डोळे मिटून वास घ्यायचा आणि “आज नही” म्हणून ती परत ठेवायचा. नाव मी कधी विचारलं नाही. डोळे मिटलेला त्याचा फोटो चोरून काढला, चौकटीत टाकला आणि खाली लिहिलं, ‘वीस वर्षं इथलीच मिरची खातो.’ अक्षरं जाड केली, लाल केली, मधोमध आणली.

एकदा शहाद्याचा नवा व्यापारी मोठ्या सौद्यासाठी बसला असताना म्हातारा आला. व्यापाऱ्याने माझी वेबसाइट उघडलेला मोबाइल त्याच्यापुढे धरला आणि लाल वाक्यावर बोट ठेवलं. “बाबा, हाई तुम्हीच सांगेल शे का?”

म्हाताऱ्याने दोन बोटांनी फोटो मोठा करून निरखला. “फोटोमा मीच शे. झकास उना.” फोटो छान आलाय, इतकंच.

व्यापारी सौदा करून गेला. मग म्हातारा माझ्याकडे वळला. “शेठ, अक्षरं जाड करीसन खोटं खरं व्हई जास का?”

त्या दिवशी मी अक्षरं बारीक केली. वाक्य तसंच आहे. म्हातारा अजून येतो. ते वाक्य काढणं आणि त्याची माफी मागणं, दोन्ही माझ्याकडून राहिलं आहे.