लाखबंद थैली
लाख वितळल्याचा वास आला की निपाणीच्या टपाल कचेरीची पायरी आठवते. टपालवाल्यांचा इंग्रज सरकारविरुद्ध संप चालू होता. पोस्टमन बाहेर बसले होते, दारात पोलीस होते आणि वखारींतल्या तंबाखूनं घसा खवखवत असतानाही मी घोषणा देत होतो. तेवढ्यात पोस्टमास्तर साहेब लाखेची मोहोर लावलेली टपालाची थैली घेऊन बाहेर आले. ती टपालाच्या दोन माणसांसमोरच फोडायचा नियम होता आणि दुसरा माणूस मिळत नव्हता. "पोलिसाला घ्या की, नुसताच उभा हाय!" कुणीतरी ओरडलं. साहेब सर्वांत जुन्या पोस्टमनला म्हणाले, "आप्पा, लष्कराची डाक आहे. तुमच्या पोराचं पत्र असेल. फक्त शेजारी उभे राहा." ब्रह्मदेशात गेलेल्या त्या पोराची कित्येक महिने खबर नव्हती. आप्पांनी लाखेवरून बोट फिरवलं. "सायेब, ह्यात लई जणांची पोरं हाईत. मागण्या माना, समद्यांची पत्रं एकदम वाटतो," म्हणाले आणि परत पायरीवर बसले. संप मिटल्यावर थैली फुटली. पोराचं पाकीट निघालं, तेही आप्पांनी वाटपाच्या फेरीच्या गठ्ठ्यात लावलं. त्यांचं घर फेरीत शेवटी येत होतं. पाकीट तिथंच उघडलं. आज युनियनच्या पत्रकात 'त्याग' हा शब्द लिहिण्याआधी मी मनातल्या मनात ती फेरी पुरी चालून येतो.