डॉक्टरांच्या अक्षराची दुभाषी

डॉक्टरांचं अक्षर साऱ्या गल्लीत फक्त कंपाउंडर बाईंना वाचता यायचं. समोरचा औषधवाला चिठ्ठी उलटसुलट करून हात टेकायचा आणि पेशंटला परत पाठवायचा, "जा, दुभाषीला विचारून या." मग बाई चष्मा कपाळावर सरकवून ती घडाघडा वाचून दाखवायच्या. सव्वीस वर्षं हे चाललं होतं आणि बाईंना त्याचा भारी तोरा होता. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे वेळ टाकायची त्यांची सवयही तितकीच जुनी.

मध्यंतरी डॉक्टर एका शिबिराला जाऊन आले आणि लकव्याचा झटका या विषयानं त्यांना झपाटलं. दवाखान्यात कागद लागला: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, तर घड्याळ बघा. अर्थात कागद बाईंच्याच अक्षरात. "आधी आपल्या डॉक्टरांना दाखवू" म्हणत असा पेशंट कुणी आणला, की डॉक्टर अॅम्ब्युलन्स बोलावता बोलावता खेकसायचे, "माझ्याकडे मेंदूचा फोटो काढायचं मशीन आहे का? मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, तेही लगेच." रक्त पातळ करायची गोळी मागितली तर आणखी भडकायचे. "आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे मला स्वप्नात दिसणार?" बाईंना हे भाषण तोंडपाठ झालं होतं.

एका मंगळवारी सकाळी औषधवाला चिठ्ठी घेऊन स्वतःच आला. बाईंनी ती वाचली. चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचली.

"काय, दुभाषीचंही अडलं?" औषधवाल्याला आनंद लपवता येईना. बाकावरचे पेशंटही हसले.

बाई हसल्या नाहीत. साडेदहाची चिठ्ठी त्यांनी नेहमीसारखी वाचली होती. हिच्या मागे वेळ होती दहा पन्नास. हिच्यातल्या ओळी खाली घसरल्या होत्या, पेन जागोजागी टेकलंच नव्हतं. त्या तशाच आत गेल्या.

"डॉक्टर, जरा हसा."

"विनोद तरी सांगा." शब्द जाडसर आले. हसू डावीकडे चढलं, उजवीकडे बसून राहिलं. हात वर करायला सांगितले, तर उजवा हळूहळू खाली आला. "काही नाही हो, अवघडलाय. ती रक्त पातळ करायची गोळी द्या, जरा पडतो."

"फोटो निघेपर्यंत गोळी नाही."

"डॉक्टर कोण, तुम्ही की मी?"

"साडेदहापर्यंत तुम्ही होतात. आता पेशंट आहात."

अॅम्ब्युलन्स बोलावून बाईंनी त्यांच्या बोटाला सुई टोचून साखर बघितली. ती ठीक होती. मग हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडून विचारलं, "शेवटचे नीट कधी होते?"

"साडेदहाला."

"इतकं नक्की कसं सांगता?"

"साडेदहाचं अक्षर मला वाचता येतंय. दहा पन्नासचं येत नाहीये." पलीकडचा माणूस म्हणाला, "लगेच आणा. आम्ही तयार राहतो."

फोटोत गुठळी दिसली आणि ती विरघळवायचं औषध वेळेत मिळालं. तीन महिन्यांनी डॉक्टर परत आले, ते उजव्या हातात पहिलीच्या पोरासारखी रेघांची वही घेऊन. व्यायामापायी गिरवून गिरवून अक्षर गोल झालं होतं, मोत्यांसारखं. औषधवाला एका दमात चिठ्ठी वाचायला लागला. डॉक्टर वाचले म्हणून बाईंना अतोनात आनंद झाला होता. पण आपली गरज संपली, हेही त्यांना फार लागलं. आठवडाभर त्या कपाटाची दारं आपटत होत्या.

सोमवारी आतून चिठ्ठी आली. नुसता गुंता. बाई धावत आत गेल्या, तर डॉक्टर आधीच दोन्ही हात वर करून, सगळे दात दाखवत बसले होते.

"नीट वाचा, बाई."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. जुनंच अक्षर होतं, मुद्दाम बिघडवलेलं. 'चहा ठेवा. दोन कप. तुमच्याशिवाय हे कोण वाचणार?'

"असली थट्टा पुन्हा केलीत तर मीच झटका देईन," बाई म्हणाल्या आणि तिथेच खुर्चीत बसून रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी चिठ्ठीमागे वेळ टाकली: नऊ वाजून दहा मिनिटं.