बाबांची रेघ

आमच्या ताईला धक्क्यावर सगळे खोडरबर म्हणतात. ताई म्हणजे माझी नणंद. नणंदेबद्दल चांगलं लिहायचं म्हणजे भावजयीच्या जिवावर येतं, पण खोटं कशाला बोलू, या बाईच्या हाताला तोड नाही. होडी विकली गेली की नव्या मालकाला तिच्यावरचं जुनं नाव नको असतं, जुने पट्टे नको असतात. मग होडी पाण्यातून काढून दुरुस्तीच्या आवारात ठोकळ्यांवर उभी करतात आणि मुकादम ताईला हाक मारतो. ताई गरम हवेच्या मशीननं स्टिकरच्या अक्षराला ऊब देते, नखानं कोपरा उचलते आणि सावकाश, अगदी सावकाश अक्षर ओढून काढते. घाई केली की तुकडे पडतात. नाव निघालं तरी काम संपत नाही. आजूबाजूचा रंग उन्हानं विटलेला असतो आणि अक्षराखालचा तसाच कोवळा राहिलेला, त्यामुळे काढून टाकलेलं नावही वाचता येतं. मग पॉलिश लावून घासत बसायचं, ते दिसेनासं होईपर्यंत.

लग्न होऊन आले तेव्हा मला नवल वाटायचं. एवढी शिकलेली बाई, हिला हेच काम सापडलं? स्थळं येत होती, चांगली येत होती, पण ही प्रत्येकात खोट काढायची. एक मुलगा तर मलाही पसंत होता, म्हणजे तिच्यासाठी. "तो डोंगराकडचा आहे. तिथं होड्या कुठं असतात?" म्हणाली. मी कपाळावर हात मारून घेतला. होडीशीच लग्न लावायचंय का हिला, असं मी आमच्या ह्यांना विचारलं, तेव्हा ह्यांनी मला खरं काय ते सांगितलं.

माझ्या सासऱ्यांची एक फायबरची होडी होती. माणसं आणि सामान खाडीपलीकडे न्यायची. पांढऱ्याशुभ्र अंगावर, काठाखाली, हातानं ओढलेली एक निळी रेघ. सासरे छातीच्या दुखण्यानं गेले तेव्हा ताई लहान होती आणि आमचे हे पाळण्यात. होडी विकावी लागली. पुढं ती या हातातून त्या हातात गेली आणि कुठं गेली ते कुणालाच ठाऊक नाही. ताई तीच होडी शोधत होती. नाव बदलेल, रंग बदलेल, पण होडीचं अंग कसं बदलेल, असं ती म्हणायची. गावोगाव फिरून तर शोधता येत नाही. पण जुन्या होड्या कधी ना कधी आवारात येतात आणि आल्या की तिच्याच हाताखालून जातात. म्हणून हे काम, आणि म्हणूनच ती हे बंदर सोडायला तयार नव्हती.

"मला बाबांचा चेहरा आठवत नाही गं," एकदा भांडी विसळताना ती म्हणाली. "जो आठवतो तो फोटोतला. रेघ मात्र आठवते. मी धक्क्याच्या पायरीवर उभी राहिले की बरोबर डोळ्यांसमोर यायची. पुढून मागे सरळ जाते आणि शेवटाकडे एका जागी जराशी हलते. तिथं बाबांना शिंक आली असणार."

बोलताना ती हसत होती आणि डोळे भरले होते. न पाहिलेल्या शिंकेचीसुद्धा माणसाला इतकी ओढ लागते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सासूबाई मात्र या विषयावर चकार शब्द काढायच्या नाहीत. ताईनं रेघेचं नाव काढलं की काहीतरी काम आठवून आत निघून जायच्या. मला वाटायचं, दुःख असेल. ताईला वाटायचं, आईला बाबांचं काही वाटतच नाही. मायलेकींत एवढी एकच अढी होती, पण ती चांगली पक्की होती.

यंदा एका दातांच्या डॉक्टरनं एक जुनाट होडी विकत घेतली. तिच्या अंगावर रुंद लाल पट्ट्याचा स्टिकर होता. ताईनं तो ऊब देऊन ओढायला घेतला, तर खाली हाताला उंचवटा लागला. कुणा आळशानं आधीचा रंग न काढताच वरून स्टिकर चिकटवला होता. पट्टा निघत गेला तशी खालून निळी रेघ निघत गेली. मला फोन आला. "अगं, आईला घेऊन ये. आत्ताच्या आत्ता." एवढंच बोलली.

"मला कशाला नाचवता धक्क्यावर?" असं म्हणत सासूबाईंनी केस मात्र नीट विंचरले. आम्ही पोचलो तर ताई दोन्ही तळवे रेघेवर टेकून उभी. "खोडरबर आज खोडायला तयार नाही," मुकादम मला म्हणाला. "डॉक्टरला परवा होडी हवीय, आणि ती दातांसारखी पांढरी."

"आई, बघ," ताई म्हणाली. "बाबांची रेघ."

सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. रेघेवर बोट ठेवलं आणि तशाच पुढून मागे चालत गेल्या. जिथं रेघ हलली होती तिथं थांबल्या.

"इथं तू माझी वेणी ओढलीस," म्हणाल्या.

ताईला कळेना. मलाही कळेना.

"कडेवर होतीस. खाली ठेवलं की भोकाड पसरायचीस. मग एका हातात तू, दुसऱ्या हातात ब्रश. इथवर गुणी बाळासारखी होतीस, मग वेणी धरलीस आणि हात हलला."

"तू? रेघ तू ओढलीस?"

"मग कोण? त्यांना सरळ रेघ कधी जमली? ते डबा धरायचे."

"पण बाबा तर सगळ्यांना सांगायचे, माझी रेघ म्हणून. लहानपणी तूच सांगितलंयस मला."

"सांगायचे. होडी बायकोनं रंगवली असं चारचौघांत कोण सांगणार? मी म्हटलं, मिरवू दे." एवढं बोलून गेल्यावर सासूबाई भानावर आल्या आणि त्यांनी बोट मागे घेतलं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्यांचं म्हणून तुझ्याकडे तेवढं एकच होतं. तेही काढून घेऊ?"

एरवी काखेत कळसा नि गावाला वळसा, असा टोमणा मारल्याशिवाय मी राहिले नसते. त्या दिवशी तो ओठांवर आला आणि मी गिळून टाकला. कारण ताईचा चेहरा बघवत नव्हता. "म्हणजे माझ्याकडे बाबांचं काहीच नाही," ती हळूच म्हणाली.

डॉक्टरला होडी ठरल्या दिवशी मिळाली, दातांसारखी पांढरी. ताईनं थिनर लावला, ओल्या पॉलिशपेपरनं घासलं, मशीन फिरवलं आणि काम पुरं केलं. घरी मात्र तिचं बोलणं हवं-नको एवढ्यावर आलं. आमचे हे म्हणाले, बोलेल आपणहून. मी म्हटलं, तुमच्या घरात आपणहून कोण बोलतं?

मग एका सुट्टीच्या दुपारी ती सासूबाईंची नखं कापायला बसली. मी पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होते.

"आई, बाबा कसे होते?"

या घरात हा प्रश्न कुणी सासूबाईंना विचारलाच नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. ताई फोटोला विचारायची, होड्यांना विचारायची. ज्या बाईनं त्यांच्याबरोबर संसार केला, तिला कुणी विचारलं नव्हतं.

"कसे म्हणजे? उंच होते."

"ते फोटोत दिसतं."

सासूबाईंनी दुसरा हात पुढं केला. "डबा धरा म्हटलं की डबा सोडून माझ्याकडेच बघत बसायचे. मी ब्रश पुढं करावा तर डबा भलतीकडेच. मग मी रागवायची. मी रागवले की आणखीच बघायचे." आणि सत्तरी उलटलेल्या माझ्या सासूबाई चक्क लाजल्या.

नखं केव्हाच कापून झाली होती.

"सोड आता हात," त्या म्हणाल्या. "चहा गार होतोय."

ताईनं हात सोडला नाही. "होऊ दे गार," म्हणाली. "अजून सांग."