चिपमधलं संचालक मंडळ

"तात्यांचं नाव मावत नाही," मी म्हणालो.

"मावंल तसं बसवा," अध्यक्ष म्हणाले. "न्हाईतर ते उद्घाटनाला यायचे न्हाईत."

संगमनेरकडच्या एका दूध संघातली ही गोष्ट. माझं नगरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. संघाच्या चार जुन्या मशिन्समध्ये हार्डडिस्कच नव्हती. बटण दाबलं की नेटवर्क कार्डावरची एक चिप, म्हणजे बूट रॉम, सर्व्हरला, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरला, हाक मारायची आणि मशीन सुरू व्हायचं. सर्व्हर बदलला आणि कंपनीच्या चिप्स त्याला ओळखेनात. कंपनी म्हणाली, मशिन्सच नवी घ्या. उपाध्यक्ष तात्या म्हणाले, त्यापेक्षा कॉम्प्युटर विभागच बंद करा आणि शिंदेबाईंना जामखेडच्या केंद्रावर पाठवा. जामखेड म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. विभाग सांभाळणाऱ्या शिंदेबाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या. बाई रडकुंडीला आल्या होत्या.

मी पुण्याच्या मित्राकडून इंटरनेटवरचा एक फुकट बूट प्रोग्राम आणला. त्याचा कोड खुला होता, कुणीही वाचावा, बदलावा. कोऱ्या चिपमध्ये तो भरला आणि मशीन सुरू झालं. बाईंनी माझ्यासाठी भजी मागवली.

अध्यक्ष पडद्यापाशी वाकले. "ही पहिली ओळ कसली?"

"प्रोग्रामचं नाव."

"बदलता येतं?"

"येतं."

तिथे घोळ झाला. आमच्याकडे पाण्याच्या टाकीवर, बस थांब्यावर, स्मशानातल्या बाकावरसुद्धा संचालकांची नावं असतात. चिपनेच काय पाप केलं होतं? दुसऱ्या दिवशी मानपान, पदव्या आणि गावांसकट सगळ्या मंडळाची नावं आली. एका चिपमध्ये तेवढी जागा कुठली?

तात्या भडकले. "मग प्रोग्राम जरा कमी करा की! लई लांबडा हाय म्हनं."

शेवटी बाईंनी तोडगा काढला. नावं चार मशिन्सवर वाटली. अध्यक्षांचा गट दारातल्या मशीनवर, तात्यांचा कोपऱ्यातल्या. नारळ फुटला, इंग्रजी अक्षरांत नावं झळकली, टाळ्या पडल्या. बदलीचं मात्र "बघू" एवढंच झालं.

तेव्हा सगळी मशिन्स एकाच केबलवर ओवलेली असायची. तिचं टोक सैल झालं की सगळीच ठप्प. ते टोक नेमकं कोपऱ्यातल्या मशीनला होतं. ऑपरेटर मुली एव्हाना मशिन्सना नावांनीच ओळखू लागल्या होत्या. एकदा गावोगावच्या दूध संस्थांचे सचिव बिलासाठी ताटकळत असताना एक मुलगी ओरडली, "बाई, तात्यांनी परत सगळ्यांना बंद पाडलं!"

तात्या दारातच उभे होते. सचिव पोट धरून हसले.

"त्या बाईला जामखेडला धाडा! आजच्या आज!" म्हणत तात्या अध्यक्षांकडे गेले.

बाईंचा फोन आला तसा मी धावलो. केबल घट्ट केली, बिननावाच्या चिप्स बसवल्या. जुन्या पुसायच्या होत्या. या चिपला वर काचेची खिडकी असते. तिच्यातून ऊन आत जात राहिलं की लिहिलेलं हळूहळू पुसलं जातं. बाईंनी चिप्स ताटात मांडून गच्चीवर ठेवल्या, कँटीनच्या कुरडयांशेजारी.

तात्या तपासायला आले. "माझं नाव कुठंय?"

"गच्चीवर उन्हात ठेवलंय," बाई चाचरत म्हणाल्या. "सगळ्यांचीच आहेत."

"अध्यक्षांचं पन?"

"त्याच ताटात."

तात्या स्वतः जिना चढून बघून आले. उतरले ते हसतच. "ऱ्हाऊ द्या बाईंना हितंच. चांगलं काम हाय त्यांचं."

बाई तिथूनच निवृत्त झाल्या. मला मात्र अजून कुणी विचारलं, की चिपमध्ये जागा किती, तर मी सांगतो, एकही नाव मावणार नाही एवढी.