वंदनाची भूक

किस्से कोणी पेरत नाही, ते तणासारखे आपोआप उगवतात. आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये तर त्यांना पाणीही द्यावं लागत नाही. मधली सुट्टी झाली, डबे उघडले, की कोणीतरी सुरू करतं आणि घंटा होईपर्यंत चांगला ढीग जमतो! पूर्वी हे किस्से हेडसरांचे असायचे, बदल्यांचे असायचे. गेल्या वर्षापासून विषय एकच. वजन कमी करायचं इंजेक्शन! आम्ही हसतो भरपूर. हसून झालं की माझं डोकं तापतं, ही गोष्ट वेगळी.

आमची डबा-टीम चौघांची. मराठी शिकवणारी मी, म्हणजे कलाताई. विज्ञानाची वंदना. पीटीचे खोडे सर. आणि हिंदीच्या शुक्ला मॅडम, छिंदवाड्याकडच्या. चारही डबे टेबलाच्या मधोमध, ज्याला जे पाहिजे ते त्यानं घ्यायचं. इंजेक्शन घेणारी आमची वंदना.

*

वंदनाची साखर वाढली होती, वजन वाढलं होतं, जिना चढताना गुडघे बोलत होते. नागपूरच्या डॉक्टरनं आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. डॉक्टर भला माणूस. त्यानं नीट समजावलं, "जेवल्यावर आतडं मेंदूला निरोप पाठवतं, की बस झालं. हे औषध त्या निरोपाची नक्कल करतं. पण आतड्यानं आपला निरोपही पाठवत राहावा, म्हणून त्याला तसं खाणं द्या. डाळ, उसळ, दही, अंडं, ज्वारीची भाकर, पालेभाजी, जवस. भूक लागणार नाही, तरी वेळेवर खायचं. नाहीतर चरबीसोबत अंगातली ताकदही जाईल."

वंदनानं घरी येऊन हे सगळं सासूला सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भूक नसली तरी खायचं? त मंग सुई कायले टोचून घेतली वं?"

*

खोडे सरांना इंजेक्शनची भीती वाटते. पीटीचा मास्तर, पोरांना दोर चढायला लावतो, पण सुई पाहिली की याचे डोळे पांढरे! त्यांनी वंदनाकडून डॉक्टरचं सांगणं ऐकलं आणि ठरवलं की आपण सुई न घेता नुसत्या खाण्यावरच हार्मोन बनवायचं.

झालं! सकाळी मोड आलेले मूग, मग दही, मग उकडलेली अंडी, मूठभर शेंगदाणे, वरून जवसाची चटणी. महिनाभर असं तोंड चालू. पँटचं बटन लागेना. मी म्हटलं, "सर, हे खाऊन मग जेवता तरी कमी ना?"

"कमी?" सर दचकले. "जेवण त जेवणाच्या जागी हाये मॅडम! हे त औषध होये!"

शुक्ला मॅडम चहा सांडेपर्यंत हसल्या. सर मात्र रागावले. म्हणाले, "हार्मोन बनून राहिलं भरपूर. पण माही भूक त्याले मोजूनच नाही राहिली, त मी काय करू?"

*

आता अंड्याचं ऐका. वंदनाच्या घरी अंडं चालत नाही. सासूबाईंच्या मते अंड्याचं नाव काढलं तरी चूल बाटते. बरं, तिचा नवरा बसस्टँडजवळच्या गाडीवर ऑम्लेट खातो, हे अख्ख्या पांढुर्ण्याला माहीत आहे. त्यानं चूल बाटत नाही, कारण चूल दुसऱ्याची असते!

मग वंदनानं तोड काढली. एक छोटी नवीन पातेली आणली आणि शाळेच्या प्रयोगशाळेत अंडी उकडायला लागली. दार लोटून, कपाटाआड उभी राहून खायची. एवढ्या मोठ्या गावात त्या बाईला एक अंडं सुखानं खायला जागा सापडली ती तिथं!

एकदा हेडसर अचानक आत आले. नाक आवळून विचारलं, "वास कसला येऊन राहिला मॅडम?"

वंदनाच्या तोंडात अर्धं अंडं. तिनं ते गालात सरकवलं आणि म्हणाली, "हायड्रोजन सल्फाइड सर. दहावीचं प्रॅक्टिकल."

"असं असं. व्हेरी गुड!" हेडसर खूश होऊन गेले. त्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "प्रॅक्टिकल कसे घ्यायचे हे वंदना मॅडमकडून शिका!"

*

सौसरला वंदनाच्या सासरकडलं लग्न होतं. मीही गेले होते. वंदना तोवर चांगलीच उतरली होती. ती मांडवात शिरली आणि बायांनी नवरी सोडून हिलाच गराडा घातला.

"बाई वं बाई, ओळखूच नाही आली!"

"कोणती सुई हाये? मोहगावात भेटते काय?"

"अर्धी तू घे, अर्धी मले दे!"

सासूबाईंची कॉलर ताठ. माणूस नवीन मोटरसायकलचा ॲव्हरेज सांगतो ना, तशा त्या सांगत होत्या, "आमची वंदना एका पोळीत दिवस काढते! कधी कधी त तेही नाही लागत!"

पंगतीतली एक म्हातारी भारावून म्हणाली, "अशी सून भेटायले नशीब लागते माय!"

नशीबवान सासूची ती सून तेव्हा त्या सुईपायी मांडवामागं ओकत होती. मी तिची पाठ चोळत होते. ती तोंड धुऊन उभी राहिली आणि पहिलं काय म्हणाली? "कलाताई, कोणी पाहिलं त नाही ना?"

मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

*

तुम्ही म्हणाल, डॉक्टरनं खा म्हटलं होतं तर ते एक अंडं सोडून ही काही खात का नव्हती? मधल्या सुट्टीतही दोन घासांत हात धुवायची. मलाही हेच कोडं होतं. एका रविवारी मी तिच्या घरी गेले आणि उत्तर मिळालं.

त्या घरात आधी पुरुष जेवतात, मग सासूबाई, मग आलंगेलं, आणि सगळ्यात शेवटी वंदना. लग्न झाल्यापासून असंच. आधी काय व्हायचं, की सगळ्यांचं होईस्तोवर तिच्या पोटात आगडोंब उसळायचा, म्हणून ती बसायची. "बस आता, जेव" असं त्या घरात कोणी कधी म्हटलंच नव्हतं. म्हणत होती ती तिची भूक! ती भूकच सुईनं नेली. आता सगळ्यांचं झालं, की वंदना ओटा पुसायची, भांडी घासायची आणि झोपायची. आपण जेवलो नाही, हे तिच्याही लक्षात राहायचं नाही.

घरच्यांच्या लक्षात मात्र बरोबर आलं होतं. सासूबाई तिच्या वाटणीची कणीकच भिजवत नव्हत्या. "वाया जाते ना बाई!" असं त्यांनी मलाच वर समजावून सांगितलं.

त्या दिवशी वंदनानं स्वतःसाठी वाटीभर मूग भिजवून उसळ केली होती. दुपारी पातेलीवरचं झाकण काढलं, तर आत नुसता कढीपत्ता. तिचा पोरगा निखिल कॉलेजात आहे, जिमला जातो. ढेकर देत आला.

"निखिल, माही उसळ?"

"मी खाल्ली ना आई. मले प्रोटीन लागते." पोरगा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "तुले कुठं भूक लागते?"

*

व्हायचं तेच झालं. वंदनाचे केस पुंजक्यांनी गळायला लागले. फळ्यावर लिहिताना हात खाली यायचा. एक दिवस शाळेच्या पायऱ्यांवर ती मटकन खाली बसली ती उठेचना. खोडे सरांनी नि मी उचलून स्टाफरूममध्ये आणली. दप्तर उचलावं एवढी हलकी लागली!

नागपूरला मी सोबत गेले. नवराही होता, मनोहरभाऊजी. खताचं दुकान आहे त्यांचं. डॉक्टरनं वंदनाला विचारलं, "जेवणात काय काय घेता?"

भाऊजींनी उत्तर दिलं, "सगळं घेते साहेब. घरी काही कमी नाही."

"मी त्यांना विचारतोय," डॉक्टर म्हणाला.

वंदना नवऱ्याकडं पाहायला लागली. मग मीच तोंड उघडलं. कणकेपासून उसळीपर्यंत सगळं ओकले. भाऊजींचं तोंड असं झालं, जसं मी भर बाजारात त्यांची पगडी उडवली.

डॉक्टर चिडला. म्हणाला, "यांची चरबी कमी, अंगातलं मांसच जास्त उतरून राहिलं आहे. इंजेक्शन काही दिवस बंद! आधी या बाईला खाऊ घाला. ताकद आली तर पुन्हा सुरू करू, नाहीतर साखर पुन्हा चढेल आणि माझ्या हातात काही राहणार नाही. आणि उपास बिलकुल नाही. एकही नाही!"

वंदनाची मान खाली. भाऊजींनी घसा साफ केला. मला वाटलं, आता माणूस विचारेल, की काय काय करून घालू, केव्हा केव्हा घालू.

भाऊजी म्हणाले, "पण साहेब, भूक पहिल्यासारखी परत त नाही ना येणार? घरी आता सवय झाली सगळ्याइले."

*

भूक परत आली. स्टाफरूममध्ये आम्हाला तिचा पत्ता लागला. मधली सुट्टी व्हायच्या आधीच वंदनाचा हात डब्यावर! खोडे सरांनी आपल्या उसळीचा डबा तिच्याकडं सरकवला. माणूस खादाड आहे, पण मनानं वाईट नाही. शुक्ला मॅडम रोज दही आणायला लागल्या. मी जवसाची चटणी आणि भाकर. दुपारचं तिचं पोट आम्ही भरत होतो, पण रात्रीचं आणि रविवारचं काय? घरी कणीक अजून तेवढीच भिजत होती. "सुई पुन्हा चालू होणारच हाये ना," सासूबाई म्हणायच्या.

अशातच महालक्ष्म्या आल्या. वंदनाच्या घरी दोघी बसतात, मोठी आणि धाकटी. मला नि शुक्ला मॅडमला सवाष्ण म्हणून बोलावणं होतं. आम्ही गेलो, तर वंदना पहाटेपासून उपाशी! सोळा भाज्या चिरून, पुरण शिजवून, वडे तळून बाईचे पाय लटपटत होते. ओठ पांढरे पडले होते.

मी सरळ सासूबाईंना म्हटलं, "डॉक्टरनं उपास करू नको म्हटलं ना हिले? दोन घास खाऊ द्या."

"देवीच्या आधी?" सासूबाईंनी कानाला हात लावले. "सून हाये ना ते या घरची? पाप लागन आमाले! अन् काल-परवापर्यंत त दिवस दिवस खात नोती, तवा काही झालं नाही तिले!"

मी भाऊजींकडं पाहिलं. ते तोरण सरळ करायला लागले. मोहगावची नणंद आली होती, ती म्हणाली, "होऊन जाईन थोड्या वेळात, काहून घाई करता?" माझं डोकं फुटायचं बाकी राहिलं, पण दुसऱ्याचं घर, सणाचा दिवस! वाती वळत बसले.

आरती झाली. दोघींपुढं दोन ताटं वाढली. त्या ताटांकडं पाहून शुक्ला मॅडमनं मला कोपर मारलं. सोळा भाज्या, डाळीचे वडे, कढी, ज्वारीची आंबील, वरण. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलेलं बहुतेक सगळं होतं! वरून पुरणपोळी आणि तूप.

त्या घरचा रिवाज असा, की नैवेद्य दाखवला की पडदा ओढायचा आणि सगळ्यांनी अंगणात यायचं. देवी आत जेवते. जेवत्या देवीकडं पाहायचं नसतं, खोकायचंही नसतं. सगळे बाहेर आले. वंदना पाण्याचे गडवे ठेवायला तेवढी मागं राहिली.

बराच वेळ झाला. सासूबाई हात जोडून डोळे मिटून बसल्या होत्या. निखिल म्हणाला, "आजी, आता त भूक लागली." त्यावर भाऊजींनी त्याला डोळे वटारून दाखवले.

मग वंदना बाहेर आली. पदरानं तोंड टिपलं आणि खांबाला टेकून उभी राहिली. पाय लटपटत नव्हते.

सासूबाईंनी आत जाऊन पडदा सारला आणि किंकाळीच फोडली. आम्ही धावलो. मोठीचं ताट जसंच्या तसं. धाकटीच्या ताटातल्या भाज्या साफ, वडे साफ, कढी-वरणाच्या वाट्या चाटूनपुसून! पुरणपोळीला तेवढा हात लागला नव्हता.

"जेवली! माही माय जेवली!" सासूबाईंनी जमिनीवर लोटांगण घातलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "एवढे वर्स झाले बसवून राहिलो, आज जेवली!"

भाऊजींनी हात जोडले. निखिल चपला काढून पाया पडला. नणंदेला मात्र शंका आली, "आई, पण पुरणपोळी काहून ठेवली तिनं?"

शुक्ला मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "माताजी को शुगर होगी।"

मी तोंडात पदर कोंबला. तेवढ्यात वंदना पुढं आली. सासूबाईंना हाताला धरून उठवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आई, तिले अजून वडे वाढू काय?"

"अवं विचारतं काय, वाढ ना!" सासूबाई रडत रडत म्हणाल्या. "भाज्या वाढ, कढी वाढ, जे मागते ते वाढ! चला रे सगळे बाहेर! कोणी घाई करू नका, पोटभर जेवू द्या तिले!"

वंदनानं वड्यांचं पातेलं उचललं, आत गेली आणि पडदा ओढून घेतला.