दहा वर्षांची चार मिनिटं

नाटक कंपनीत तिला सगळे सुईताई म्हणत. जिन्याखालच्या खोलीत एक मशीन, एक इस्त्री, खिळ्यांना लटकलेले राजे आणि भिकारी, आणि मधे ही, ओठांत टाचण्या धरून. तोंडात टाचण्या असल्या की बाई गप्प बसेल असं लोकांना वाटतं. ही त्या सांभाळूनही बोलायची, आणि तेव्हाच जास्त टोचायची.

तिचा धाकटा भाऊ लेखक. त्याने आपल्याच घरावर कादंबरी लिहिली, चांगली तीनशे पानांची. त्यातली थोरली बहीण आजारी बापाला मागच्या खोलीत कोंडून बाजारात मिरवते, आणि बाप बंद दाराआड जीव सोडतो. सुईताईने ती वाचली, मिटली आणि भावाशी बोलणं टाकलं. बापाला कोंडलं होतं हे खरंच होतं. का कोंडलं, ते मात्र पुस्तकात नव्हतं. तरी तिने सोसलं, कारण पुस्तक जाड होतं. गल्लीत विसाव्या पानापुढे कुणी गेलं नाही.

मग त्या कादंबरीचं नाटक करायचं ठरलं, तेही सुईताईच्याच कंपनीने. लिहायला लेखकराव स्वतःच बसले. माझं मूल, मीच न्हाऊ घालणार, म्हणाले. जाड पुस्तक कुणी वाचत नाही, पण फुकटचा पास मिळाला तर अख्खी गल्ली झाडून येते. दूधवाली, वाणी, शेजारची मास्तरीण, सगळ्यांनी आधीच पास मागून ठेवले होते. म्हणजे ज्यांच्यात रोज उठून वावरायचं, त्यांच्यादेखत नाटकातली बहीण बापाला मारणार. आणि त्या बहिणीचे कपडे शिवायचे ते तिनेच.

तालमीच्या पहिल्याच दिवशी गंमत झाली. पुस्तकात एक वाक्य होतं, दहा वर्षं गेली. भावाने ते उचलून जसंच्या तसं नाटकात ठेवलं होतं. बहीण विशीची म्हणून आत जाते, दहा वर्षं जातात, ती परत येते. नटी आत गेली आणि गोल फिरून तशीच बाहेर आली, फुलाफुलांच्या झग्यात.

"झाली दहा वर्षं?" दिग्दर्शकाने विचारलं.

"झाली की. लिहिलंय तसं," भाऊ म्हणाला.

"कागदावर पटकन जातात हो," सुईताई विंगेतून म्हणाली, "अंगावरून जायला वेळ लागतो."

सगळे हसले. भावाचे कान लाल झाले. "शिवणाऱ्यांनी शिवावं."

"शिवतेच आहे. तू उसवत राहा."

दिग्दर्शकाने मधे पडून विचारलं, "ताई, झगा उतरवायचा, राखाडी कपडे, अकाली पिकलेले केस. किती वेळ?"

"चार मिनिटं."

त्याने घड्याळ लावलं. झग्याच्या पाठीवर बारा बारीक बटणं होती. सुईताईने ती एकेक करून सोडवली. चार मिनिटं झाली, वर पाच सेकंद.

"तोवर दिवे घालवा," भाऊ म्हणाला.

"चार मिनिटं काळोख?" दिग्दर्शक म्हणाला. "अर्धे घोरतील, अर्धे घरी जातील. पडद्यापुढे एक छोटा प्रवेश लागेल. त्या दहा वर्षांत घरात काय झालं, तेवढं लिहून द्या."

इथे लेखकरावांचं घोडं अडलं. तीन दिवस पेन चावलं, ओळ निघेना. निघणार कुठून? त्या दहा वर्षांत ते घरी फिरकलेच नव्हते. पुस्तकात एका वाक्यात उडी मारली ती उगाच नव्हे.

चौथ्या दिवशी तो जिन्याखाली आला. बसायला एकच स्टूल होतं. सुईताईने त्यावर कापडाचा गठ्ठा ठेवला.

"ताई, त्या वर्षांत घरी काय काय झालं?"

"इतक्या वर्षांनी विचारतोयस. तेही नाटक अडलं म्हणून."

"सांगायचं तर सांग."

"बाबांना शेवटी काही कळेनासं झालं होतं. दार उघडं दिसलं की रस्त्यावर. दोनदा गाडीखाली येता येता वाचले. भाजी आणायला जाताना मी बाहेरून कडी लावायचे. पळत जायचे, पळत यायचे. एकदा परत आले, तर बाबा गेलेले होते. तुला तीन पत्रं टाकली. उत्तर आलं का, हे पोस्टमन विचारायचा मला. लिही हे."

"हे मी लिहिणार नाही. सगळं नाटक त्या बहिणीच्या कठोरपणावर उभं आहे."

"मग चार मिनिटं तूच पडद्यापुढे नाच."

"सूड उगवतेयस."

"शिवतेय. उजेडातून हल."

अडला हरी, दुसरं काय. त्याने लिहिलं. पोस्टमन आणि शेजारीण, दोघांचं बोलणं, बापाचं रस्त्यावर पळणं आणि कडी का लावायची तेही त्यात. लिहितानाही तीन पत्रांचं एक केलंच. तालमीत सुईताई विंगेतून म्हणाली, "तीन." दिग्दर्शक म्हणाला, "तीनच ठेवा, ऐकायला बरं वाटतं."

पहिला प्रयोग दुपारचा होता. गल्ली तिसऱ्या रांगेपासून पसरून बसली होती. नटी धावत विंगेत आली. सुईताईने तिच्या पाठीवर एक हिसका दिला, आणि झगा सर्रकन पायाशी. आदल्या दिवशी तिने सगळी काजं शिवून टाकली होती. बारा बटणं नुसती शोभेला, पट्टीखाली टिचबटणं. राखाडी कपडे झग्याच्या आतच चढवलेले. केसांचा टोप बसवला. चाळीस सेकंद.

"आता मी काय करू?" नटी कुजबुजली.

"उभी राहा. ऐक."

सुईताई हाताची घडी घालून ऐकत राहिली. पडद्यापुढे पोस्टमन विचारत होता, आलं का उत्तर? तिसऱ्या रांगेत दूधवालीने नाक शिंकरलं. पुढे नटीने बाहेरून कडी लावली, तेव्हा तिला दोष देत एकानेही चक् केलं नाही.

भावाने समोरच्या विंगेतून सगळं पाहिलं होतं. प्रयोग संपल्यावर तो खाली आला, झगा उलटा केला, टिचबटणं टच टच करत उघडली.

"चाळीस सेकंदांचं काम. सगळ्यांना फसवलंस तू."

"तू तीनशे पानं फसवलंस. मी तीन मिनिटं, वर वीस सेकंद."

"दिग्दर्शकाला सांगतो. उद्यापासून तो प्रवेश बंद."

"सांग ना. लोकांना आवडलेला प्रवेश का काढायचा, तेही सांग त्याला."

बाहेर लोक त्याचं अभिनंदन करायला थांबले होते, नेमकं त्याच प्रवेशासाठी. तो गेला आणि सगळ्यांचं कौतुक मुकाट्याने घेऊन आला.

नाटकाचे साठ प्रयोग झाले. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. पण पोस्टमन पडद्यापुढे आला की तो समोरच्या विंगेत येऊन उभा राहतो, घड्याळाकडे बघत. इकडच्या विंगेत ती उभी असते, हाताची घडी घालून.