तोंड नको, फक्त पाय

"थांब. आहेस तिथंच थांब. हलू नकोस."

माझ्या हातात पन्ह्याच्या पेल्यांचं ताट होतं. मी ओसरीच्या मधोमध थांबले. वाटलं, पायाखाली विंचूबिंचू आहे. खाली बघितलं. काही नव्हतं. माझेच पाय होते.

शेठाणीचे मुंबईचे पाहुणे वेताच्या खुर्च्यांवर बसले होते. त्यांतला एक, तिचा मावसभाऊ, गळ्यात कॅमेरा अडकवून उठला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. शेठाणी म्हणाली, "अरे, निदान धुऊन तरी येऊ दे तिला." तो म्हणाला, "छे, असेच हवेत." मी लाजून मान खाली घातली तर म्हणतो, "मान वर असू दे, मधे येते. तोंड नको आपल्याला, फक्त पाय."

कुणीतरी मुलांना हाक मारली. मुलं आली, वाकून बघू लागली. एक मुलगी म्हणाली, "ई, मगरीचे पाय!" सगळे हसले. हसून हसून तहान लागली म्हणून पन्हं प्यायले. माझ्याच हातातल्या ताटातून घेतलं.

मी तेव्हा सतरा-अठराची असेन. स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. आम्ही खाडीकडची माणसं. भात झोडून झालं की शेठच्या मिठागरात जायचं. आधी कोंड्या तुडवायच्या, म्हणजे चिखलाचे वाफे पायांनी दाबून दाबून फरशीसारखे घट्ट करायचे. मग खाडीचं पाणी आत घ्यायचं. उन्हानं ते आटलं की मीठ ओढायचं. सगळं अनवाणी. पाय फुटतात, बोटांच्या बेचक्यांत खाचा पडतात, नडगीवर पांढरे चट्टे उठतात. आमचं लुगडं गुडघ्यापर्यंतच नेसायची रीत, त्यामुळं झाकलेलं काहीच राहत नाही. आणि आमच्या पाड्यात ते झाकावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. सगळ्यांचेच पाय तसे. मगरीचे पाय म्हणे! शेठाणीच्या जेवणात मीठ कुठून येत होतं?

शेठ दर उन्हाळ्यात बायकामुलांना हवापालटाला धाडायचा. सांडोरच्या केळीच्या बागा ओलांडल्या की किनाऱ्यालगत त्याचा बंगला होता. तिथं पाणी भरायला, कपडे धुवायला आमच्यातली एखादी पोरगी बोलावून घ्यायचे. त्या वर्षी मला बोलावलं. विचारलं नाही, बोलावलं.

फोटोच्या दुसऱ्या दिवशी शेठाणीनं शेठचे जुने मोजे माझ्यापुढं टाकले. "उद्यापासून हे घालून ये. माणसं जेवायला बसलेली असतात."

माझ्या आयला वाटलं, मान दिला. आमच्या पाड्यात मोजे कुणी घातलेच नव्हते. ती शेजारपाजारी सांगत सुटली, "बाईनं माज्या पोरीला मोजे दिले गो! साहेबाचे हायत." बायका येऊन हात लावून बघून गेल्या. आयचं तोंड एवढं फुललं होतं की खरं सांगायची माझी छाती झाली नाही. मी मोजे घातले. घरीसुद्धा काढेना. ऐन वैशाखात, लोकरीचे मोजे. घाम साचून खाचा चिघळल्या, वास मारू लागला, तरी काढेना. लुगडं घोट्यापर्यंत ओढून चालायला लागले. माझ्याच पायांची मला शिसारी यायची. आजही आठवलं की राग येतो. त्यांचा येतो तो वेगळा. माझा मला येतो तो जास्त.

पावसाच्या आधी, मीठ उचलून झालं की आमच्या लोकांची एक रीत होती. पाड्यातल्या गाड्या जुंपायच्या आणि चार दिवस समुद्रावर जायचं. खारं पाणी घ्यायला. सुरूच्या झाडांखाली गाड्या सोडायच्या, भाकऱ्या थापायच्या, सुके बोंबील भाजायचे, सकाळ-संध्याकाळ पाण्यात डुंबायचं. अंगाला चांगलं असतं म्हणायचे. मुंबईचे पाहुणे याला हसायचे. जन्मभर मिठात राहणाऱ्यांना समुद्र कशाला, म्हणायचे. अरे, मिठागरातलं पाणी शेठचं. तिथं मुकादम काठावर उभा असतो. समुद्रात उभं राहायला कुणाचा हुकूम लागत नाही. वर्षातले तेवढेच दिवस आमचं अंग आमच्या मालकीचं असायचं. एवढं साधं त्यांना कळत नव्हतं.

त्या वर्षी गाड्या सुटल्या त्या बंगल्यापासून हाकेच्या अंतरावर. मी सकाळी बंगल्यावर काम करायची आणि दुपारनंतर गाडीत पडून राहायची. पाण्याला कुणी बोलावलं की अंगात कणकण आहे म्हणायची. आत्या एकदा म्हणाली, "ताप पायाला आला काय गो तुज्या?" मी तोंड फिरवलं. बाहेर बायका एकमेकींवर पाणी उडवत होत्या आणि मी वैशाखाच्या उन्हात गाडीच्या तट्ट्याखाली मोजे घालून शिजत होते. लहानपणापासून ज्या चार दिवसांची वाट बघायचे, ते असे माझ्या डोळ्यांसमोर वाया चालले होते.

तिसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर शेठाणी आणि तो मावसभाऊ वाळूवर फिरायला आले. आय तेव्हा घोटाभर पाण्यात उभी होती. लुगडं वर खोचलेलं, हसत होती. एरवी ती कधी तशी हसत नाही. त्यानं कॅमेरा तिच्यावर रोखला. तिच्या पायांवर. आयनं ते बघितलं. हसू गेलं. खोचलेलं लुगडं तिनं भराभर खाली ओढलं, तरी पाय दिसतात हे लक्षात आलं तेव्हा ती पाण्यात खालीच बसली. पाय लपवायला. माझी आय, जिनं आख्खं आयुष्य त्या कोंड्या तुडवल्या, ती चोरासारखी पाण्यात बसली. लाटा तोंडावर येत होत्या तरी उठेना.

माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. मोजे ओढून काढले. चिघळलेल्या खाचांवरची सालं त्याबरोबर निघाली. गरम वाळूतून लंगडत गेले आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहिले.

तो म्हणाला, "बाजूला हो."

मी म्हणाले, "ती माजी आय हाय. फोटो काढाचा तं तोंडासकट काढा. तिचं नाव इचारून काढा."

तो शेठाणीकडं बघून हसला. शेठाणी हसली नाही. "जीभ फार लांब झाली तुझी. उद्यापासून कामावर येऊ नकोस. आणि ह्या गाड्या पलीकडं न्यायला सांग. आम्हाला इथं फिरायचं असतं."

"नाय येनार. गाड्या पन नाय हलनार. दर्या काय तुमच्या शेठनं इकत घेतलाय?"

मागून आय रडवेल्या आवाजात ओरडली, "गप गो! आपल्याच पोटावर पाय आनशील." ती अजून पाण्यातच बसून होती. ते दोघं वळून बंगल्याकडं गेले तरी उठली नाही. मी पाण्यात शिरले. खाऱ्या पाण्यानं खाचा अशा झोंबल्या की मी किंचाळले. पण बाहेर आले नाही. आयचा दंड धरून तिला उभी केली. तिचं लुगडं मीच वर खोचलं, माझंही खोचलं. ती मला शिव्या देत होती आणि माझा हात सोडत नव्हती. अंधार पडेपर्यंत आम्ही पाण्यात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुन्हा. वाळूत पाय पसरून मी ऊन खाल्लं, भाकरी खाल्ली, सगळ्यांदेखत झोपले. तसं सुख मला आधी कधी झालं नव्हतं.

पुढच्या मोसमात मुकादमानं आमच्या घराला मिठागर बंद केलं. बापूस रुळांवर खडी टाकायला जाऊ लागला. मी सांडोरच्या बागांतून केळीचे लोंगर वाहिले. आय मला बोल लावायची. तिचं चुकत नव्हतं. उपास तिनंही काढले. पण त्या दिवशी गप्प बसायला हवं होतं, असं मी तिच्यासमोर कधी कबूल केलं नाही. आजही करणार नाही.

पुन्हा वैशाख आला. मुकादमाचा निरोप पाड्यात आला, यंदा बंगल्यासमोर गाड्या सोडायच्या नाहीत. लोक घुटमळले. कुणी म्हणालं, जाऊ पुढं, उगाच कनाला भांडन? मी पहिल्या गाडीच्या पुढं चालत होते. बंगल्याच्या फाटकाच्या बरोबर समोर आले आणि बैल सोडले. मागच्या गाड्या थोडा वेळ थांबून राहिल्या. मग एकेक करून त्याही सुटल्या.

तेव्हापासून आम्ही तिथंच उतरतो. मुकादम येतो, धमकावतो, जातो. मला तिथून हलवायचं असेल तर हातापायाला धरून उचलून न्यावं लागेल. आणि मी गुपचूप जाणार नाही.